रिपोर्ट व सजावट

प्रोजेक्टच्या गटात तिघं मुलगे आणि ती एकटी. पहिल्याच दिवशी मुलांनी कामं आपापसात वाटून टाकली, तिला नुसतं कळवलं. "तुझं अक्षर छान आहे, तू रिपोर्ट कर." रिपोर्ट टाइप करायचा असतो, त्यात अक्षराचा काय संबंध? पण झालं, तिचं नावच पडलं 'कारकूनबाई'.

प्रोग्रॅम होता दवाखान्यातल्या रुग्णांना वेळा देण्याचा. महिनाभर तिघांनी असा काही खपून केला, की एकाच डॉक्टरसमोर एकाच वेळी तीन-तीन रुग्ण! तिघांतल्या गटप्रमुखानं हात टेकले. मग बसल्या कारकूनबाई. लॅबमध्ये खिडकीजवळच्या मशीनवर गटप्रमुखाचं लॉगिन कायम उघडं असे, सगळे तिथूनच काम करत. तिनंही तिथेच पंधरा दिवस मान मोडून सगळा कोड नव्यानं लिहिला. इथेच चुकली. कुठली ओळ कुणी लिहिली, याच्या संगणकातल्या नोंदींत ओळीओळीपुढे नाव उमटलं ते गटप्रमुखाचं.

हे कळल्यावर तिची आई, जी लोकांचे कपडे शिवून घर चालवते, मशीन थांबवून म्हणाली, "शिवलंस तू, मिरवणार तो, आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार?"

तोंडी परीक्षेच्या सकाळी लॅबमध्ये फॉर्म आला. कुणी काय केलं ते लिहून खाली चौघांच्या सह्या. तिच्या नावापुढे गटप्रमुखानं लिहिलं होतं, 'रिपोर्ट व सजावट'.

"मी सही करणार नाही."

"अगं ए, पाच मिनिटं राहिलीत," गटप्रमुख म्हणाला. "गटात तुझं-माझं असतं का?"

"नसतं ना? मग कोडपुढे माझं नाव घाल."

"कारकूनबाई संपावर!" दुसरा खिदळला.

आवाज ऐकून परीक्षा घेणारे सर आतल्या खोलीतून बाहेर आले, स्क्रीनवर नजर टाकून म्हणाले, "नोंदी तर याच्या नावाच्या दिसतात."

"सर, याला एवढंच विचारा. रुग्णानं वेळ रद्द केली, तर पुढची दोन मिनिटं ती वेळ दुसऱ्या कुणालाच का मिळत नाही?"

गटप्रमुखानं स्क्रीनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "ते... आपोआप होतं, सर."

"आपोआप काही होत नाही. माणसं रद्द करतात आणि लगेच पस्तावतात, म्हणून मी ती वेळ राखून ठेवलीय." तिनं कोडमधली ती ओळ शोधून दाखवली.

सरांनी फॉर्म दुरुस्त करायला लावला. संध्याकाळी गुण लागले. कोडचे तिला पैकीच्या पैकी. आणि संघभावनेचे? दहापैकी तीन, शेरा, 'ऐन वेळी गटात वाद घातला'. त्या तिघांना नऊ-नऊ! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी ती फेरतपासणीचा अर्ज घेऊन विभागप्रमुखांसमोर उभी राहिली. सात गुण का कापले, हे तिनं त्यात मुद्देसूद विचारलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मान डोलावली.

"अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले. "कुणी लिहून दिला?"