बिब्ब्यावरची फुली
सूनबाईनं माझ्या टाचेच्या भेगेसाठी बिब्बा तापवला आणि त्या उग्र वासासरशी मला अकोल्याचा मोर्णा नदीचा घाट आठवला. आम्ही वरठी, लोकांचे कपडे धुणारे. कपडा कोणत्या घरचा ते कळावं म्हणून सासरे कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसानं त्या घराची खूण करत. गावात विजेच्या इस्त्रीची लाँड्री निघाली आणि एकेक घर म्हणू लागलं, "आता आमी घरीच धुतो." शेवटी सासरे आणि मी त्याच लाँड्रीचे कपडे रोजानं धुवायला लागलो. पहिल्याच दिवशी घाटावर गाठोडं सोडलं, तर धोतरांवर, लुगड्यांवर सासऱ्यांच्याच हातच्या खुणा! लाँड्रीचा माणूस म्हणाला, "ह्या काढून टाका, आता दुकानाची खूण मारा लागते." सासरे म्हणाले, "बिब्बा निघते का कधी? फुली मारतो त्याच्यावर." मी म्हटलं, "मामाजी, द्या मले, मी मारतो." "माहेच घरं होते ना हे," ते म्हणाले, "मीच मिटवतो." जन्मभर काडीनं बिब्बा लावणारा तो माणूस त्या दिवशी बोटानंच फुल्या मारत बसला. बिब्बा उतून दोन्ही हात फोडांनी भरले. ते बरेही झाले, पण सासरे घाटावर पुन्हा आले नाहीत. सूनबाई म्हणते, "तुमीच लावून घ्या ना, आई." मी बिब्ब्याला हात लावत नाही, नुसता पाय पुढं करते आणि तोंड भिंतीकडं फिरवते.