उसनी ज्वारी

माझी बायको विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रात काम करते. सरकारी अनुदानातून तिने ज्वारीच्या जुन्या वाणांचा प्रकल्प घेतला होता. त्यातला एक वाण गिरडजवळच्या एका म्हातारीकडेच उरला होता. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. बायकोने किंमत विचारली.

"बियानं इकत नाई देत बाई. उसनं नेजो. पिकलं का दीडपट आणून देजो."

म्हातारीने तिच्याकडची निम्मी ज्वारी दिली. उरलेली तिने वावरात पेरली, ती रानडुकरांनी संपवली. केंद्राच्या प्लॉटवर मात्र पीक आलं.

परतफेड व्हायच्या आत सरकारी तपासणी पथक आलं. शेजारच्या विभागाने कधीच न आलेल्या यंत्रांची बिलं जोडली होती. कोटेशनं, सह्या, शिक्के जागच्या जागी होते. ती मंजूर झाली. बायकोने बियाण्यापुढे 'उसनवार, दीडपट परत देणे' असं लिहिलं होतं.

तपासनीस सभ्य होते. "मॅडम, असं खर्चाचं शीर्षच नाही. सेलूच्या एखाद्या दुकानाचं बिल लावलं असतं, तर आत्ता आपण चहा घेत असतो."

"पण मी विकत घेतलंच नाही."

"मग मी तेच तर लिहून राह्यलो."

सरकारी खर्चाने पिकलेलं धान्य खासगी व्यक्तीला देता येणार नाही, असा आक्षेप निघाला. निर्णय होईपर्यंत ती सगळी ज्वारी ठेवलेल्या कपाटाला सील लागलं. खोलीवर टिनाचं छप्पर होतं, उन्हाळ्यात ते तापायचं.

पेरणीच्या तोंडावर म्हातारी आमच्या घरी आली.

"बाई, मायी ज्वारी दे."

"ती सरकारनं अडवली आहे, आजी."

"सरकारले काऊन पायजे? त्याच्यापाशी कुठं वावर हाय?"

मी वर्तमानपत्रात आहे. बातमी दिली, ती आतल्या पानावर एका कॉलमात आली. पथकाने कात्रण फाइलला लावून नवा खुलासा मागवला.

आणखी एक पेरणी गेली. मग आक्षेप वगळल्याचं पत्र आलं. कपाट उघडलं तेव्हा पिशव्यांतून सोंडे किडे बाहेर पडले. बायकोने दाणे ओल्या पोत्यात ठेवून पाहिले. एकालाही कोंब आला नाही.

तरी आम्ही पिशवी घेऊन गिरडला गेलो. म्हातारीने एक दाणा दाताखाली धरला आणि पीठ थुंकलं.

"कोंबड्यायले होईन," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "दुसऱ्या कोनापाशी असंन काय?"

"नाही आजी," बायको म्हणाली. "तुमच्यापाशीच होती."