तिचं एक बोट, दुर्बिणीची एक टिक

बायको गेली त्याला आंब्याचे तीन हंगाम झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. ती रायफलीवरच्या दुर्बिणीची आहे आणि बायकोचीही आहे. दोन्ही वेगळ्या करून बघितल्या, होत नाहीत.

लष्करातून हवालदार होऊन पेन्शनवर घरी आलो, ऐंशी सालाच्या आसपास. हातखंब्याच्या अलीकडे सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, एक जुनी चिरेखाण होती. जांभ्याचे चिरे काढून काढून तिची भिंत दोन पुरुष उंच झालेली. शहरातल्या हौशी लोकांनी त्या भिंतीसमोर निशाणाच्या फळ्या उभ्या करून रायफल क्लब काढला आणि मला देखरेखीला ठेवलं. फळ्या लावायच्या, रायफली पुसायच्या, सभासदांचा नेम जुळवून द्यायचा.

नेम जुळवायचं काम लष्करात केलेलं, पण तिथे नळीवरच्या लोखंडी माशीने. दुर्बीण मला नवीन. एका वकिलाने ती मुंबईहून आणली होती. तिच्या डोक्यावर एक चकती, कुशीला एक. डोक्यावरची फिरवली की गोळी वर किंवा खाली जाते, कुशीची फिरवली की डावी-उजवी. फिरवताना बोटाखाली टिक टिक लागते. वकील म्हणाला, "हवालदार, चार टिक म्हणजे एक मिनिट. घड्याळाचं नाय, कोनाचं. शंभर यार्डांवर एक इंच." मी तेवढा इंच लक्षात ठेवला आणि कोन सोडून दिला. तीनशे यार्डांवर गोळी सहा इंच खाली लागली तेव्हा सहा चोक चोवीस म्हणून चोवीस टिक वर फिरवली. पुढची गोळी फळीच्या माथ्यावरून गेली. मागे चिऱ्यात तांबडा धुरळा उडाला.

"काय हवालदार, शत्रू माडावर चढला काय?" वकील म्हणाला. सगळे हसले.

घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो, तुला काय कळणार म्हणून. ती शाळेत कधी गेलेली नव्हती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पडवीतून आंबे काढायच्या दोन घळी आणल्या, बांबूच्या टोकाला जाळी असते त्या. एक आखूड, एक लांब. आखूड घळ माझ्या हातात देऊन म्हणाली, "मनगट जरा फिरवा." जाळी वीतभर सरकली. मग लांब दिली. "आता तेवढंच फिरवा." जाळी या फांदीवरून त्या फांदीवर गेली.

"मनगट तेवढंच फिरलं ना? मग तुमची टिक पण तेवढीच. घळ लांब झाली, एवढंच."

तीनशे यार्डांवर तोच कोन तिप्पट पसरतो. म्हणजे चोवीस नाही, आठ टिक पुरे होती. मला हे वकिलाने सांगून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला खाणीवर न्यायला लागलो. फळीवरच्या कागदाची भोकं बुजवायला तांदळाच्या पिठाची खळ लागायची, बायको ती घरून करून आणायची आणि भोकांवर तुकडे चिकटवायची. मग माझ्या बाजूला सावलीत बसून तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगायची. डावं-उजवं तिने कधी म्हटलं नाही. आम्ही उत्तरेला तोंड करून बसायचो, म्हणून तिला एक बाजू समुद्राची आणि एक घाटाची. "घाटाकडे तीन बोटं," म्हणायची. इंच तिला ठाऊक नव्हता, बोट ठाऊक होतं. एकदा मी तिचं बोट पट्टीवर ठेवून बघितलं. पाऊण इंच रुंद. तीनशे यार्डांवर एक टिक बरोबर पाऊण इंचाची. ती बोट सांगायची, मी तेवढी टिक फिरवायचो, गोळी घाटाकडे तर चकती समुद्राकडे. मध्ये पाढाच नको. वकीलसुद्धा म्हणायचा, "वहिनी आल्या काय? मग होईल काम."

लग्नानंतर वीस वर्षं मी पलटणीत होतो. वर्षातून दोन महिने घरी. आम्ही दोघं शेजारी बसून एक काम केलं ते त्या खाणीत, पाच वर्षं. तेव्हा मला ते कळलं नाही. तिला कळत होतं.

क्लबच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी वकिलाची रायफल जुळवत होतो. पहिली गोळी मारली.

"घाटाकडे चार बोटं," ती म्हणाली.

मी चार टिक समुद्राकडे घेतली. परत मारली.

"घाटाकडे पाच."

पाच घेतली. पुढची गोळी. "घाटाकडे तीन." तीन घेतली. मला वाटलं दुर्बिणीचा स्क्रू ढिला झाला. पलटणीत आम्हाला शिकवलेलं, एका गोळीवर नेम हलवू नको, तीन मार, चालत जा, डोळ्याने बघ. मी पाच वर्षांत गोळी बघायला एकदाही चालत गेलो नव्हतो. ती सांगते म्हणजे तसंच असणार.

चौथी गोळी मारून मात्र गेलो. दीड फुटाची फळी. पहिलं भोक मधल्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध. बाकीची एकापाठोपाठ एक समुद्राकडे चालत गेलेली, शेवटचं फळीच्या कडेला.

परत आलो. वकील आणि सभासद सगळे उभे होते.

"तुला दिसत नाय?"

तिने तिपाईवरची दुर्बीण बाजूला सारली.

"आंधळे, मग बसलीस कशाला इथे?"

तिने खळीचं डबडं उचललं, झाकण लावलं आणि चालत घरी गेली. चार मैल. मी वकिलाची रायफल नीट करायला थांबलो.

संध्याकाळी विचारलं. वर्षभर धूसर दिसत होतं, म्हणाली. आधी अंदाजाने सांगायची, अंदाज जुळायचा. त्या दिवशी समुद्राचा वारा गालाला लागला म्हणून गोळी घाटाकडे ढकलली असणार, असं तिने धरलं. वारा आम्ही बसलो तिथे होता, फळ्यांकडे खाणीच्या आत नव्हता.

"बोलली का नायस?"

"बोलले असते तर तुम्ही आणलं नसतं."

डॉक्टरने साखर सांगितली. डोळ्यांवर आली, आता मूत्रपिंडावर येईल म्हणाला. वर्षभर आधी आणलं असतं तर, एवढं बोलून तो थांबला. पुढचं मला समजलं. त्या वर्षी रोज ती माझ्या हातभर अंतरावर बसत होती आणि मी तीनशे यार्डांवर बघत होतो.

पुढे तिला उजेड-काळोख एवढंच कळायला लागलं. मी क्लबचं काम सोडलं. तिला सांगितलं नाही, कारण तिने आधीच बजावलं होतं, "माझ्यापायी काम सोडलंत तर मी जेवणार नाय." तिची बहीण राहायला आली होती. तिला घरी ठेवून मी रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, खाणीच्या अलीकडे काजूखाली बसायचो, दुपारी परत. ती पडवीत वाट बघत असायची.

"आज कसं झालं?"

"घाटाकडे दोन बोटं."

"मग? समुद्राकडे दोन टिक घेतलीत?"

"घेतली. मग काळ्यात."

असं चार महिने. माझ्या गोळ्या कधी फार चुकायच्या नाहीत, एक-दोन बोटं. तिला फिरवायला काहीतरी राहावं एवढ्याच.

जायच्या आठ-दहा दिवस आधी तिने माझा हात धरून नाकाशी नेला. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती.

"बारुदाचा वास नाय येत तुमच्या हाताला. चार महिने झाले."

तिच्या बहिणीने आत भांडी घासायची थांबवली.

"मग बोलली का नायस?" मी म्हटलं.

"बोलले असते तर सांगणं बंद केलं असतंत." हात तिने सोडला नाही. "सांगा. आज कसं झालं?"

मी म्हटलं, "समुद्राकडे एक बोट."

ती म्हणाली, "घाटाकडे एक टिक घ्या."