जांभळ्या टोपणाची नळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'पुन्हाबघा' म्हणत. रक्त तपासणाऱ्या यंत्राने प्लेटलेटचा आकडा जरा कमी दाखवला, की हे गृहस्थ तोंड वाकडं करून म्हणायचे, "पुन्हा बघा." मग स्वतःच थेंबभर रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. यंत्राला अक्कल नसते, प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या तर ते त्यांना मोजतच नाही, हे पुराण घरी जेवतानाही चालायचं. बायको "हं" म्हणून भाजी वाढायची.

त्या बायकोच्या टाचेत खिळा घुसला. तिने तो आपणच उपटला, पाय धुतला आणि कामाला लागली. पाय भोपळ्यासारखा सुजून ताप चढला, तेव्हा कुठे बाई रुग्णालयात आल्या. पू लगेच काढायला हवा, नाहीतर जंतू अंगभर पसरतील, असं सर्जन म्हणाले. तेवढा प्लेटलेटचा आकडा येऊ द्या.

तिच्या रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी पुन्हाबघांच्याच टेबलावर आली. असायला हव्यात दीड लाखाच्या वर. यंत्र म्हणालं, अठरा हजार. एवढ्यावर चाकू लावला तर रक्त थांबणार नाही. नाही लावला तर पाय जाईल, कदाचित तीही.

आणि इथे पुन्हाबघांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. यंत्रावर विश्वास ठेवला. सही ठोकून कागद सर्जनकडे धाडला, मेव्हण्याला रक्तपेढीकडे पिटाळलं आणि बायकोच्या खाटेशी येऊन बसले. चेहरा असा, की शेजारच्या खाटेवरच्या आजारी बाईने त्यांना पाणी विचारलं.

"काय झालं?" बायकोने तापातच विचारलं.

"प्लेटलेट फार कमी आहेत."

"काच बघितलीत?"

ते तिची चादर सारखी करू लागले.

"अहो, जगाच्या रक्ताची काच बघता. माझ्या रक्ताने काय घोडं मारलंय?"

"भीती वाटली. काचेवरही नसत्या, तर?"

"उठा," ती म्हणाली.

ते उठले. काचेवर प्लेटलेट होत्या, हव्या तेवढ्या, पण घोळक्याघोळक्याने चिकटलेल्या. जंतूंशी झुंजताना अंगात अँटिबॉडी तयार होतात. त्यातल्या काही आगाऊ निघतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. ते भेटताच त्या आपल्याच प्लेटलेटना एकमेकींना चिकटवत होत्या. अंगात सगळं जागच्या जागी होतं, गोंधळ नळीतला. निळ्या टोपणाच्या, वेगळ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. आकडा दोन लाखांच्या घरात गेला. सर्जनने त्याच दुपारी पू काढला.

शुद्धीवर आल्यावर बायकोने आधी पांघरुणाखाली पाय हलवून बघितला. मग विचारलं, "लगेच दिसल्या का हो?"

"नाही. आधी नुसतंच धूसर. मला वाटलं, सूक्ष्मदर्शक बिघडला."

"मग?"

"मग डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं."

"हं," बायको म्हणाली. पण या खेपेला तिने त्यांचा हात धरून ठेवला होता.