घर झालेला डबा आणि विद्याताई

हेंक कधी फोन करत नाही. तो फोटो पाठवतो. वर्कशॉपमधलं रंगवलेलं चाक, नवी बसवलेली फळी, कधी नुसतेच ढग... आणि खाली एक शब्दही नसतो. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोनवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा उचलण्याआधीच मला कळलं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. मला समजावं म्हणून तो डचमधून अगदी सावकाश बोलला. "विद्या गेली. शांतपणे. मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी चहा करत होतो, तिनेच मागितला होता." मग म्हणाला, "तो मग मीच प्यायलो. काय करावं सुचेना." काचेपलीकडे माझे सहकारी आकडे दाखवत होते, खाली ट्राम वळत होती आणि मला एकदम हसू आलं, कारण हे ऐकून सगळ्यात जास्त विद्याताईच हसली असती. रडू नंतर आलं, घरी जाताना, ट्रेनमध्ये.

विद्याताई मूळची साताऱ्याची. बियांवर पीएचडी करायला नेदरलँड्समध्ये वाखनिंगनला आली आणि इथलीच झाली. बी जमिनीत पडून राहतं, रुजत नाही, मग एक दिवस रुजतं, ते नेमकं कशामुळे, यावर तिने आयुष्यभर काम केलं. लग्न केलं नाही. तिच्या घराची वरची खोली ती विद्यापीठातल्या मराठी मुलींना राहायला द्यायची, आणि पुण्याहून मास्टर्सला आलेली मी त्यातली शेवटची. पहिल्या दिवशी मी तिला "अहो ताई" म्हटलं, तर म्हणाली, "माझ्याशी अहो-जाहो केलंस तर तुला डचमध्ये बोलायला लावीन." वयाने ती माझ्या आईपेक्षा मोठी होती, पण त्या दिवसापासून ती मला अगं ताई झाली. नोकरी लागून मी अ‍ॅमस्टरडॅमला गेले तरी शनिवार-रविवार पुष्कळदा तिच्याकडेच असायचे.

ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांनी तिला सल्ले दिले. कुणी म्हणालं पुस्तक लिही, कुणी म्हणालं भारतात जाऊन शिकव. ती मान डोलवायची आणि बागेत एकाच गुलाबाची पुन्हा पुन्हा छाटणी करत बसायची. त्या वर्षी माझे आईबाबा आले होते. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या जुन्या वाफेच्या गाडीत बसायला गेलो. ही गाडी स्वयंसेवकच चालवतात, डबेही तेच दुरुस्त करतात. बाबा इंजिनासमोर फोटो काढत होते आणि विद्याताई गायब! शोधत गेले तर ती शेडमध्ये. पांढऱ्या केसांची चार-पाच माणसं एका डब्याचा जुना रंग खरवडत होती आणि ही त्यांच्यात उभी. त्यातला सगळ्यात उंच माणूस म्हणजे हेंक, निवृत्त बसड्रायव्हर. त्याने तिला विचारलं, "तुला काय काय येतं?"

"यातलं? काहीच नाही."

"मग शनिवारी ये. लवकर ये, कॉफी संपते."

खरोखर तिला काही येत नव्हतं. पहिलं वर्षभर तिचं व्हार्निश ओघळायचं, स्क्रू वाकडे जायचे, एकदा तर तिने एक अख्खं बाक उलट्या बाजूने घासून ठेवलं. हेंक ते पाहायचा आणि म्हणायचा, "विद्या, परत." ती परत करायची. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला राग नाही येत? काय हे, शाळेतल्या पोरीसारखं!" तर तिचा चेहरा असा फुलला की मला अजून आठवतो. "अगं, आयुष्यभर लोक मला विचारत आले आणि मी सांगत आले. आता कुणीतरी मला सांगतंय, हे चुकलं, परत कर. काय बरं वाटतं म्हणून सांगू!" आणि हळूहळू तिचा हात बसला. फार उत्तम नाही, पण बसला. रविवारी तिच्या नखांत तपकिरी रंग असायचा आणि ती तो मुद्दाम नीट धुवायची नाही, असा मला संशय आहे.

मग तो डबा आला. नदीपलीकडे बेतुवे या फळबागांच्या भागात एका चेरीच्या बागेत तो उभा होता. चाकं नव्हती, वर पत्र्याचं छप्पर घातलेलं, एका बाजूने वेल चढलेला. युद्धानंतर राहायला घरं मिळत नव्हती तेव्हा एका जोडप्याने रेल्वेतून बाद झालेला हा डबा आणून बागेत ठेवला आणि त्यात संसार थाटला. पुढे त्यांनी पक्कं घर बांधलं, डबा अवजारांचा झाला, मग कोंबड्यांचा. बाग विकली तेव्हा नव्या मालकाने तो आमच्या लोकांना देऊन टाकला. क्रेनने उचलून आणला त्या शनिवारी मीही होते. विद्याताईने कोपऱ्यातला रंग जरा खरवडला, नाक लावलं आणि मराठीतच ओरडली, "अगं, सागवान!" जावाहून आलेलं असणार, हेंक म्हणाला. ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहून वास घेत होती. साताऱ्याला तिच्या वडिलांच्या दवाखान्यातलं औषधांचं कपाट सागवानी होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आत मात्र ते घरच होतं. मधल्या कप्प्यात भिंतीला निळ्या फुलांचा कागद, छताला चुलीच्या धुराड्याचं भोक, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या रेघा. विद्याताई त्या कप्प्याच्या प्रेमातच पडली. बाकीचा डबा पूर्वीसारखा तिसऱ्या वर्गाचा करा, पण हा एक कप्पा घर म्हणून तसाच ठेवा, असं तिचं म्हणणं. हेंकला ते अजिबात मान्य नव्हतं. "हा डबा आहे, विद्या. लोक यात बसून जाणार. चुलीचं भोक बघायला कोण येणार?" ती म्हणाली, "तो डबा होता त्यापेक्षा जास्त वर्षं घर होता. ते पुसून टाकायचा आपल्याला काय अधिकार?" आठवडेच्या आठवडे हे चाललं. एकमेकांना कॉफी ओतून देत दोघं भांडायचे. शेवटी सगळे लांब टेबलाभोवती बसले आणि हात वर करून निर्णय झाला. विद्याताईच्या बाजूने तिचा स्वतःचा हात होता आणि आणखी एक, लाजत वर झालेला. इतकी वर्षं या देशात राहिली, कधी परकं वाटल्याचं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "यांना आधीचं आवडतं. मधलं आवडत नाही..."

मला वाटलं, आता ही जाणं सोडणार. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बरोबर गेले. ती सरळ त्या कप्प्यात शिरली आणि ओल्या फडक्याने तो निळा कागद भिजवायला लागली. हेंक दारात येऊन म्हणाला, "तू नको करूस. दुसरं कुणीतरी करेल."

"कुणीतरी करणारच ना? मग मला करू दे. मी हळू काढेन."

तिने तो खरंच फार हळू काढला. एक हातभर तुकडा न फाटता निघाला, तो घरी आणून वाळवला आणि कपड्यांमध्ये जपून ठेवला. चौकटीवरच्या रेघांना मात्र हेंकने हात लावला नाही. त्यांवर त्याने स्वतः पारदर्शक व्हार्निशचा हात मारला.

शरद ऋतूत तिचं दुखणं निघालं. पोटात दुखतं म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेली आणि तिथून थेट मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिनेही स्पष्ट विचारलं, "एप्रिल दिसेल का?" एप्रिलमध्ये डबा रुळावर येणार होता. डॉक्टर म्हणाले, दिसू शकेल. हे तिने वर्कशॉपमध्ये सांगितलं, त्यानंतर ती निवृत्त मंडळी शनिवारबरोबर बुधवारीही यायला लागली. हेंक मला म्हणाला होता, घाई केली तर काम बिघडतं, पण दिवस वाढवता येतात.

आणि एप्रिल दिसला. चेरीला मोहर होता. त्या बागेतल्या घरात, म्हणजे डब्यातच, जन्मलेली त्रूस नावाची एक आजी शोधून काढली होती. ऐंशीच्या आसपासची, बुटकी, लाल कोट घातलेली. पहिल्या फेरीला तिला मानाने त्याच मधल्या कप्प्यात बसवलं, समोर विद्याताई, शेजारी मी. विद्याताई बारीक झाली होती, पण शेवाळी रंगाची पैठणी नेसून, वर जाड जॅकेट घालून आली होती. तिने पिशवीतून तो निळा कागद काढून त्रूसच्या मांडीवर ठेवला. त्रूसने चष्मा लावला, कागद जवळ धरला आणि तोंड वाकडं केलं.

"ईऽऽ! हा कागद! अजून होता?"

विद्याताईने वाकून पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"माझ्या आईला कधी आवडला नाही. ओल लपवायला लावला होता तो. हिवाळ्यात झोपले की माझे केस भिंतीला चिकटायचे. बरं झालं काढलात!" तिने नव्याने घासलेल्या लाकडावरून हात फिरवला. "किती सुंदर केलंय... हे असं होतं, मला माहीतच नव्हतं." मग चौकटीवरच्या रेघा दिसल्या तशी उठून त्यांच्याजवळ उभी राहिली, एका रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही मी."

तेवढ्यात शिट्टी झाली. डब्याला हिसका बसला आणि फलाट मागे सरकायला लागला. त्रूस धपकन बसली, तिने विद्याताईचा हात घट्ट धरला. "लहानपणी मी रोज पांघरुणात पडून वाट बघायची," ती म्हणाली, "की आता आमचं घर चालायला लागेल. रोज. आणि बघ..." दोघी म्हाताऱ्या हात धरून खिडकीबाहेर बघत बसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर विद्याताई सोफ्यावर आडवी होऊन किती हसली! "म्हणे ओल लपवायला! आणि मी त्या ओलीसाठी हेंकशी भांडले गं! आणि तिला काय हवं होतं, तर ते घर चालायला..." हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "हेंकला सांगू नकोस. शेफारेल." दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला फोन करून सगळं सांगितलं.

तिच्या अंत्यविधीला तिचा पुतण्या पुण्याहून आला, विद्यापीठातली माणसं आली आणि वर्कशॉपची सगळी मंडळी धुतलेल्या ओव्हरऑलमध्ये आली. सूटमध्ये ती आपल्याला ओळखणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या रविवारी मी एकटीच त्या गाडीत बसून आले. मधल्या कप्प्यात समोर एक डच जोडपं होतं. ऊन होतं, आत उकडत होतं आणि त्या बाईंना खिडकी उघडता येत नव्हती. या जुन्या खिडक्यांना कडी नसते. खाली चामड्याचा एक पट्टा असतो, तो आधी स्वतःकडे ओढायचा आणि मग सैल सोडायचा. हे पट्टे विद्याताईने हिवाळ्यात शिवले, उभं राहवत नव्हतं तेव्हा, सोफ्यावर पाय वर घेऊन, उशीवर चामडं ठेवून. सुई फार जड जायची. मी "दे इकडे" म्हटलं की हात झटकायची. "कडक आहेत गं अजून," म्हणायची, "पण चामडं आहे. माणसांचे हात लागले की मऊ होतात." मी उठून त्या बाईंना दाखवलं, आधी आपल्याकडे, मग सोडा. त्यांनी ओढला, सोडला, काच खाली गेली आणि धुराचा आणि गवताचा वास एकदम आत आला. "आह्, लेकर!" बाई म्हणाल्या, छान वाटलं म्हणून. पट्टा खाली लोंबत हलत होता. मी तो जरा बोटांत धरून पाहिला. जिथे धरतात तिथे, मधोमध, मऊ व्हायला लागलाय.