रुखवतातील जास्वंद

माझी भाची विजयमाला बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष पुरे करील की नाही, हे पुणतांब्याच्या लंकाबाईंनी रुखवत पाहून ठरवले. या वाक्यात मी कोणताही अलंकार वापरलेला नाही. घडले ते असेच.

विजयमाला माझ्या थोरल्या बहिणीची, कलाबाईची, मुलगी. तिचे वडील उत्तमराव एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते आणि कारखान्याच्याच वसाहतीत राहत. मी नगरला शाळेत शिकवत असे आणि मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राही. अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. तिच्या कंपासपेटीत एक जुने ब्लेड असायचे. दिसेल ते फूल ती उभे चिरून पाहायची. देवासाठी काढून ठेवलेली फुलेही तिने सोडली नाहीत. सुटीत घरी गेली की देवाला अर्धी फुले वाहावी लागतात, अशी कलाबाईची तक्रार असे. वनस्पतिशास्त्रात ती वर्गात पहिली होती. दोन वर्षे झाली होती, एक उरले होते.

एकाहत्तर साली स्थळ आले. मुलगा सहादेव, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. साखरपुड्याला मी मोठ्यांच्या देखत विषय काढला, की लग्नानंतर मुलीला हे एक वर्ष पुरे करू द्यावे. सहादेव भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहू लागला. त्याचे वडील रंभाजीराव म्हणाले, "शिकली तर आमचं काय जातंय? पण ते घरातल्या बाईमाणसानं ठरवायचं."

घरातले बाईमाणूस म्हणजे लंकाबाई, मुलाची आई. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "मास्तरीणबाई, आमाला काय पेपर तपासता येत न्हाईत. आमी रुखवत बघतो. पोरीच्या हाताला वळण दिसलं, तर धाडू की कालेजात."

सगळे हसले. विजयमाला हसली नाही. तिने ती परीक्षा मानली आणि अभ्यासाला लागावे तशी कामाला लागली.

आमच्याकडची रुखवते मला पाठ आहेत. लोकरीचे कुत्रे, मण्यांचे मोर, माणूस चंद्रावर उतरल्यापासून कापसाचा चंद्र आणि त्यावर चांदीच्या कागदाचे यान. विजयमालेने क्रोशाची जास्वंद विणायला घेतली. हातभर उंच आणि मधोमध उभी चिरलेली. पाकळ्या लाल दोऱ्याच्या, खांबाच्या टाक्याने विणलेल्या; देठ हिरवा, मुक्या खांबाच्या घट्ट टाक्याचा. मधल्या दांड्यावर परागकोशांच्या पिवळ्या गाठी. तळाशी बीजांडकोश, आणि त्याच्या कप्प्यांत पांढऱ्या दोऱ्याची बीजांडे. समोर खरे फूल ठेवून ती विणत असे. ते कोमेजले की दुसरे आणून चिरी. एक पाकळी बाजूला कललेली आली म्हणून तिने ती सबंध उसवली. ते काम मी पाहिले आहे. प्रयोगशाळेतल्या लाकडी नमुन्यात जे दिसत नाही, ते त्यात दिसत होते.

विणकाम ताठ उभे राहायला त्याला खळ द्यावी लागते. लग्नाआधी घरी आल्यावर विजयमालेने साबुदाण्याची खळ शिजवली. कलाबाईने ते पातेले उचलून बाजूला ठेवले.

"कारखान्याच्या माणसाच्या घरात साबुदाणा? विहीणबाईंना काय, उपास दाखवायचा आहे?"

वसाहतीतल्या साऱ्या बायका क्रोशाचे काम साखरेच्या पाकात बुडवत. ते काचेसारखे चमके आणि साखरेची घरात ददात नाही, हेही दिसे.

"आई, मुंग्या येतील."

"टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते मी. इतकी लग्नं बघितली आहेत."

जास्वंद पाकात बुडाली, उन्हात वाळली आणि खरोखरच चमकू लागली.

लग्नाच्या दिवशी कलाबाईने वाट्या ठेवल्या. मुहूर्तापूर्वी लंकाबाई मांडवातून फिरत आल्या, रुखवताचे टेबल अंधारात आहे म्हणाल्या आणि दोन माणसे बोलावून ते उजेडाला, मांडवाच्या खांबाला टेकवून, लावून घेतले. वाट्या जागच्या जागी राहिल्या. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. पुढे कोणीच ती आठवायला तयार झाले नाही.

अक्षता पडल्या, जेवणाची एक पंगत उठली आणि वरपक्षाच्या बायका रुखवत पाहायला आल्या. नव्या नवरीलाही बोलावून उभे केले.

"ही जास्वंद अर्धीच का गं? दोरा सरला व्हय?" हे विचारले लंकाबाईंच्या जाऊबाई रतनबाईंनी.

"चिरून दाखवली आहे," विजयमाला म्हणाली. "आतलं दिसावं म्हणून. हे परागकोश. हा बीजांडकोश, यात बी धरतं."

"अगं बाई. हळद उतरायच्या आत पोटपाणी पिकायचं बोलाया लागली की आमची सून," रतनबाई म्हणाल्या.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लंकाबाई मात्र वाकून पाहत होत्या. त्यांनी पाकळीची कड चाचपली, मागची बाजू पाहिली, कुठे गाठ दिसते का ते पाहिले. गाठ दिसली नाही.

"हाताला वळण हाय," त्या म्हणाल्या.

विजयमालेने माझ्याकडे पाहिले. तिचा तो चेहरा मला पुन्हा कधी दिसला नाही.

मग लंकाबाईंनी बीजांडे चाचपायला कप्प्यात बोट घातले. आत पाक साचून वाळला होता. मुंग्यांची रांग बाहेर आली आणि त्यांच्या मनगटावरून हिरव्या चुड्यात शिरली. त्यांनी हात झटकला. जास्वंद लाडवांच्या ताटात पडली.

"बी.एस्सी.वाल्या पोरीला साखरंला मुंग्या लागत्यात, येवढं ठावं न्हाई," रतनबाई म्हणाल्या.

कलाबाई खाली मान घालून उभी होती. पाक आपला होता, हे ती बोलली नाही. टेबल कोणी हलवले ते सांगायला मी तोंड उघडले, तोवर विजयमाला सासूला बोलून गेली होती.

"खऱ्या जास्वंदीतसुद्धा मुंग्या शिरतात, आत्या. तळाशी मध असतो."

त्यात उद्धटपणा नव्हता. प्रयोगशाळेत सांगावे तसे तिने सांगितले.

लंकाबाईंनी चुड्यात अडकलेली शेवटची मुंगी चिमटीत धरली आणि टेबलाच्या कडेवर चिरडली. "म्हंजी चूक तुझी न्हाई, फुलाची." मग माझ्याकडे वळल्या. "हात बरा हाय, मास्तरीणबाई. तोंडाला वळण लावायचं ऱ्हायलंय. ते कालेजात लागत न्हाई. घरी लागंल."

मी रंभाजीरावांकडे गेले. ते हात धूत होते. "बायकांच्यात आम्ही पडत नाही," ते म्हणाले. सहादेव मित्रांबरोबर विडा खात होता, तो म्हणाला, "आई म्हणेल तसं." पाठवणी झाल्यावर माझी सख्खी बहीण मला म्हणाली, "साखरपुड्याला तू तो विषय काढलाच नसतास, तर त्यांनी एवढं बघितलंही नसतं."

दिवाळीनंतर मी पुणतांब्याला गेले. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत तोवर टळली होती. विजयमालेने चहा आणला. ती गरोदर होती. भिंतीवरच्या फळीवर रेडिओ होता आणि त्यावर लाल क्रोशाचे आवरण, कडेला पिवळ्या गाठींची झालर.

"ऊन पाण्यात भिजवून साखर काढली," लंकाबाई म्हणाल्या, "आन् तिच्याच हातनं उसवून घेतलं. दोरा वाया जाऊ दिला न्हाई."

शेजारची चांगुणा दूध घेऊन आली होती. तिने आवरणाला हात लावून पाहिला.

"सुनेनं केलंय," लंकाबाई तिला म्हणाल्या. "बी.एस्सी. झालेली हाय आमची सून."

"झालेली नाही, आत्या," विजयमाला म्हणाली. "दुसऱ्या वर्षापर्यंत."

"तेच ते," लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आवरणाची झालर सारखी केली.