चकलीच्या दातांचा मासा

शाळेत विज्ञानशिक्षिका म्हणून लागले त्याच वर्षी, शहरातल्या प्रदर्शनासाठी मी हेलिकोप्रिऑन बनवायचं ठरवलं. वाचनालयातल्या एका मासिकात त्याची माहिती आली होती. डायनोसॉरच्याही आधीचा, शार्कसारखा मासा. आणि दात चकलीसारखे गोल गुंडाळलेले! अंग कुजून गेलं, दातांची चकली तेवढी दगडात उरली. ती माशाला नक्की कुठे होती, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. कुणी ती नाकावर लावली, कुणी पाठीवर, कुणी चक्क शेपटीला. वाचता वाचता मला वाचनालयातच हसू फुटलं.

नवरा सातपूरच्या कारखान्यात टर्नर होता. त्याने पत्र्याची सुरेख चकली कापली. मी बांबूच्या कामट्यांवर कागदाचा लगदा थापून पुरुषभर लांबीचा मासा केला.

"अगं, पण बसवू कुठे?"

"अहो, सगळीकडे भोकं पाडा. स्क्रूने लावू, काढू."

प्रदर्शनाच्या दिवशी सातपूरहून बसने निघालो. मासा आडवा, दोघांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, ही करवत शेपटीला लावा, मागचे जरा लांब बसतील!" सगळी बस हसली. मग चकली कुठे लावायची ते जो तो सांगू लागला. नवऱ्याने खरंच स्क्रू काढून चकली शेपटीला लावली, मग पाठीवर, मग नाकावर. चांदवडकडच्या एक मावशी मात्र ठाम होत्या. "तोंडातच हाय ते. नायतर खाईल कसा?"

प्रदर्शनात परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "मग दात नक्की कुठे?"

"कुणालाच माहीत नाही, सर."

माझा आवाज हसण्याने थरथरत होता. वाटलं, संपलं! पण त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. चकली खालच्या जबड्यात बसवली, मागे सरकून पाहिली, मान हलवली, काढली, नाकावर लावली. मग स्वतःच खो खो हसत सुटले. मागे मुलींची रांग लागली. प्रत्येकीला आपल्या मनासारखा मासा करून पाहायचा होता. पुढच्या टेबलावरचा ज्वालामुखी बिचारा एकटाच धुमसत राहिला.

बक्षीस त्या ज्वालामुखीलाच मिळालं. आम्ही बसने सातपूरला परतलो, मासा शाळेत ठेवला आणि भर बाजारातून, पोटात दुखेपर्यंत हसत, चालत घरी आलो.